वजनाचे मोल

कोयनानगरला येणारा पाहुणा धरण पाहिल्यावाचून परतत नाही. १०३ मीटर उंचीची ही भिंत शिवसागर जलाशयाचे अफाट पाणी मुख्यतः स्वतःच्या वजनाच्या बळावर थोपवून धरते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने तिला तडे गेले, तरी ती उभी राहिली. पुढे ती अधिक भक्कम करण्यात आली. भिंतीला जसा वजनाचा आधार, तसाच तो मानवी देहालाही आहे. हे अंतराळवीरांच्या अनुभवावरून स्पष्ट होते.

अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसते, हा समज बरोबर नाही. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या ९० टक्क्यांच्या आसपास असते. स्थानक ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने धावताना सतत पृथ्वीकडे पडत असते; मात्र या वेगामुळे ते जमिनीवर न आदळता तिच्याभोवती फिरत राहते. आतला माणूसही त्याच्यासवे पडत असल्याने त्याला वजन जाणवत नाही. तेथे आपला तराजू निरुपयोगी ठरेल, कारण माल आणि माप दोन्ही तरंगतील. म्हणून अंतराळवीराला स्प्रिंगच्या साधनावर हेलकावे देऊन, त्या हेलकाव्यांच्या कालावधीवरून त्याचे वस्तुमान काढतात.

देह हा मोठा काटेकोर हिशेबनीस आहे. ज्याचा उपयोग नाही, त्यावर तो खर्च करीत नाही. भार वाहायचा नसल्याने कंबर व मांड्यांच्या हाडांतील खनिजांची घनता दरमहा एक ते दीड टक्क्याने घटू शकते. हाडांतून सुटलेले कॅल्शियम लघवीवाटे जाते व मुतखड्याचा धोका वाढतो. पायांचे स्नायू रोडावतात, रक्तादी द्रव वर सरकल्याने चेहरा सुजतो. ही झीज रोखण्यासाठी अंतराळवीरांना दररोज सुमारे दोन तास व्यायामासाठी राखून ठेवावे लागतात.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकलेले राकेश शर्मा १९८४ मध्ये अंतराळात गेले, तेव्हा त्यांनी तेथे योगासनांचा प्रयोग केला. त्याच प्रबोधिनीचे शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ रोजी झेपावले व १५ जुलैला परतले. स्नायूंवरील वजनरहिततेचा परिणाम हाही त्यांच्या प्रयोगांचा विषय होता. परतल्यावर हातातला मोबाईल त्यांना जड वाटला. लॅपटॉप तरंगेल अशा सवयीने त्यांनी तो पलंगाच्या कडेला सोडला आणि तो खाली पडला!

वाचकहो, याचा आपल्या घराशी निकटचा संबंध आहे. वजनरहिततेचा अभ्यास जमिनीवर करताना शास्त्रज्ञ निरोगी माणसांना कित्येक आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवतात, कारण त्यातही हाडे व स्नायू तसेच झिजतात. आपल्या व्यापारी कुटुंबांत दिवस गादीवर बसून जातो. वडीलधाऱ्यांना तर आपण प्रेमाने म्हणतो, “तुम्ही बसा, आम्ही करतो.” त्या प्रेमापोटी त्यांच्या पायांवरचा भारच आपण काढून घेतो. डॉक्टरांनी मना केले नसेल, तर त्यांना जिना चढू द्यावा, दुकानापर्यंत चालू द्यावे, भाजीची हलकी पिशवी उचलू द्यावी. सोबत जरूर असावी. पण पिशवी त्यांच्याच हाती असू द्यावी.