तिसऱ्या फळीतला मल्होत्रा

१९९८ च्या उन्हाळ्यात नॅशनल हॉकी लीगने नव्या खेळाडूंची निवड केली, तेव्हा न्यूयॉर्क रेंजर्सने सातव्या क्रमांकावर एका अठरा वर्षांच्या मुलाचं नाव पुकारलं. मुलगा आमच्याच मिसिसागात जन्मलेला, ग्वेल्फ स्टॉर्मकडून ज्युनिअर हॉकी खेळलेला. आई क्यूबेककडची फ्रेंच भाषक, वडील पंजाबी आणि पेशाने रसायनशास्त्रज्ञ. नाव मॅनी मल्होत्रा. आम्ही कॅनडात नवे होतो. थंडी, बर्फ उपसणं, भाड्याचं घर यातच सगळा जीव गुंतलेला, आणि बर्फावरची हॉकी म्हणजे ऑफिसातली माणसं सोमवारी सकाळी ज्याविषयी बोलतात आणि आपण नुसती मान डोलावतो तो खेळ. मग एका रात्री टीव्हीवर रेंजर्सच्या खेळाडूच्या पाठीवर ‘मल्होत्रा’ अशी अक्षरं दिसली आणि मी हातातलं काम टाकून समोर बसले. तो आपल्यातला पहिला नव्हता, हे मागाहून कळलं. ब्रिटिश कोलंबियातला रॉबिन बावा १९८९ मध्येच वॉशिंग्टनकडून खेळून गेला होता. पण मी डोळ्यांनी पाहिलेला पहिला हाच.

त्याचं कार्ड घरात आणलं माझ्या मुलाने. शाळेत मधल्या सुट्टीत पोरं कार्डांची अदलाबदल करायची. आम्ही काड्यापेट्यांचे छाप जमवले, त्यामुळे त्याला काय चढलंय ते मला सांगावं लागलं नाही. पुढे त्याचा ओढा बास्केटबॉलकडे गेला, मग कॉलेज, मग नोकरी. गठ्ठा माझ्याकडे राहिला. त्यातले मल्होत्राचे मी वेगळे काढले आणि उरलेले एका शेजाऱ्याच्या मुलाला दिले. तेव्हापासून मी फक्त मल्होत्रा जमवते. इथले संग्राहक अशा एकाच खेळाडूच्या संग्रहाला ‘पीसी’ म्हणतात, म्हणजे पर्सनल कलेक्शन. विकण्यासाठी नसलेला, स्वतःचा.

हॉकीच्या कार्डांना कॅनडात मोठा इतिहास आहे. ऑन्टॅरिओतल्या लंडन गावात ओ-पी-ची नावाची च्युइंगम करणारी कंपनी होती. तिने १९३३ च्या सुमारास गमच्या पाकिटात खेळाडूंची चित्रं घालायला सुरुवात केली. १९५१ मध्ये पार्कहर्स्टची कार्ड आली. साठच्या दशकाच्या अखेरीपासून पुढची वीसेक वर्षं कॅनडातल्या पोरांसाठी कार्ड म्हणजे ओ-पी-चीच. हॉकीचा दिग्गज वेन ग्रेट्स्की याचं १९७९-८० चं, निळ्या काठाचं, १८ क्रमांकाचं कार्ड याच कंपनीचं. ते निळे काठ इतके नाजूक, की पाकीट फोडतानाच कोपऱ्यांचा रंग उडायचा. म्हणून त्याची निर्दोष प्रत दुर्मीळ. तशी एक २०२१ मध्ये साडेसदतीस लाख अमेरिकी डॉलर्सना विकली गेली. १९९० मध्ये अपर डेक, स्कोअर, प्रो सेट अशा कंपन्या एकाच वेळी बाजारात उतरल्या आणि कार्डांचा नुसता पूर आला. त्या काळात लोकांनी पोरांच्या कॉलेजच्या खर्चासाठी म्हणून खोकीच्या खोकी न फोडता ठेवली. आज त्यांना कुणी विचारत नाही.

मल्होत्राचं पहिलं वर्ष हे ग्रेट्स्कीचं शेवटचं वर्ष. १९९८-९९ मध्ये दोघे रेंजर्सकडून एकत्र खेळले. एप्रिल १९९९ मध्ये ग्रेट्स्कीने मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर निरोप घेतला. मल्होत्राने त्या हंगामात ७३ सामने खेळून ८ गोल केले होते. सातव्या क्रमांकावर निवडलेल्या मुलाकडून न्यूयॉर्कला यापेक्षा पुष्कळ हवं होतं. मोठा गोल करणारा खेळाडू तो झाला नाही, आणि कार्डांचा बाजार गोलांवर चालतो. त्यामुळे त्याची बहुतेक कार्ड मला एका कॉफीपेक्षा कमी पैशांत मिळाली. तो झाला तिसऱ्या फळीतला मधला खेळाडू. याचा अर्थ इथे जरा थांबून सांगायला हवा, कारण माझा सगळा संग्रह त्या अर्थावर उभा आहे.

हॉकीत खेळ थांबला की फेसऑफने पुन्हा सुरू होतो. दोन्ही संघांचे मधले खेळाडू समोरासमोर वाकतात, पंच त्यांच्यामध्ये पक, म्हणजे रबरी चकती, टाकतो, आणि ज्याची काठी आधी आणि नीट पडते त्याच्या संघाकडे खेळ जातो. अर्ध्या सेकंदाचं काम. पण तो फेसऑफ आपल्याच गोलापाशी असेल, आपला एक गडी शिक्षा भोगत बाहेर बसला असेल आणि एका गोलाची आघाडी टिकवायची असेल, तर त्या अर्ध्या सेकंदावर सामना जातो. अशा वेळी प्रशिक्षक ज्याला बर्फावर पाठवतो तो मल्होत्रा. २०१०-११ मध्ये व्हँकुव्हरकडून खेळताना त्याने सुमारे ६२ टक्के फेसऑफ जिंकले. त्या वर्षी डॅनिएल आणि हेन्रिक सेडिन या जुळ्या भावांची जोडी लीग गाजवत होती. डॅनिएल सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू ठरला. त्या दोघांना समोरच्या गोलाजवळ पाठवता यायचं, कारण आपल्या गोलाजवळची कष्टाची कामं मल्होत्रावर सोपवलेली असायची. मराठी वाचकाला हे एकनाथ सोलकरच्या उदाहरणाने चटकन कळेल. २७ कसोटी आणि ५३ झेल. शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभा राहणारा तो माणूस धावांच्या तक्त्यात कुठे दिसायचा? पण बेदी-प्रसन्नांना विचारलं असतं तर त्यांनी सोलकरचं नाव आधी घेतलं असतं.

मिसिसागाला विमानतळाजवळच्या इंटरनॅशनल सेंटरमध्ये कार्डांचं मोठं प्रदर्शन भरतं, वसंतात एकदा आणि नोव्हेंबरात एकदा. दारातून आत गेलं की पहिल्या रांगांत काचेची कपाटं, वर दिवे, आत ग्रेट्स्की, क्रॉस्बी, मॅकडेव्हिड. मी तिथे रेंगाळत नाही. मागच्या रांगांत, टेबलांच्या कडेला, पांढऱ्या पुठ्ठ्याची लांबलचक खोकी असतात. कोणत्याही कार्डाला एक डॉलर, काहींत चार आण्यांइतकं. ती संघवार लावलेली असतात, आणि मल्होत्रा जमवणाऱ्याची परीक्षा तिथेच असते. हा गडी सात संघांकडून खेळला: न्यूयॉर्क, डॅलस, कोलंबस, सॅन होजे, व्हँकुव्हर, कॅरोलायना, माँट्रिआल. म्हणजे प्रत्येक टेबलावर सात खोकी उपसायची. डाव्या हाताने कार्डांचा थर मागे कलता ठेवायचा, उजव्या हाताच्या तर्जनीने वरच्या कडा एकेक पुढे ढकलत जायच्या. नखाने नाही, बोटाच्या पेराने, नाहीतर कडेला पांढरा ओरखडा उठतो. तासाभराने बोटाला शाईचा आणि जुन्या पुठ्ठ्याचा वास येतो. एका म्हाताऱ्या विक्रेत्याशी आता ओळख झाली आहे. मी दिसले की तो खोक्यातून काढून ठेवलेली दोन-तीन कार्ड पुढे सरकवतो, आणि बहुतेक वेळा ती माझ्याकडे आधीच असतात. तरी मी घेते, अदलाबदलीला लागतात. मल्होत्राचे आम्ही जे मोजके संग्राहक आहोत ते एकमेकांना ओळखून आहोत, आणि कुणाकडे काय कमी आहे हेही ठाऊक आहे.

कार्ड हाती आलं की मी आधी पाठ पाहते. पुढचा फोटो छापणाऱ्याने निवडलेला असतो, पाठीवरचे आकडे मात्र खेळाडूचे. एकेक ओळ म्हणजे एकेक हंगाम: सामने, गोल, साहाय्य, गुण, शिक्षेची मिनिटं. पहिल्या कार्डाच्या पाठीवर फक्त ज्युनिअर हॉकीच्या ओळी. मग ओळी वाढत जातात, संघांची नावं बदलत जातात. मध्येच २००४-०५ ची ओळच नाही, कारण मालक आणि खेळाडूंच्या वादात ते वर्ष लीग झालीच नाही. एका माणसाची नोकरी इतक्या प्रामाणिकपणे लिहून ठेवलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. कार्ड मात्र नेहमी थोडं मागे असतं. फोटो गेल्या हंगामाचा, माणूस या हंगामात दुसऱ्याच गावात. १९८८ मध्ये ग्रेट्स्कीला एडमंटनने लॉस एंजेलिसला देऊन टाकलं आणि सारा कॅनडा हळहळला. त्या वर्षीच्या त्याच्या कार्डावर खेळतानाचा फोटो नाहीच. पत्रकार परिषदेत किंग्जची नवी जर्सी हातात धरून तो उभा आहे. मल्होत्रासाठी कुणी इतकी तसदी घेतली नाही. संघ बदलल्यावरही जुन्या जर्सीत तो कुठे कुठे दिसत राहतो, आणि ती कार्ड मला विशेष जवळची वाटतात. गाव सुटल्यावर पहिली काही वर्षं माणूस कुठल्या जर्सीत असतो, हे परदेशात आलेल्या कुणालाही विचारा.

१६ मार्च २०११ ला कोलोरॅडोविरुद्धच्या सामन्यात पक उडून त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. टणक केलेल्या रबराची ती चकती १५६ ते १७० ग्रॅमची असते. शस्त्रक्रिया झाल्या, आणि संघाने जाहीर केलं की या हंगामात तो परतणार नाही. त्या वर्षी व्हँकुव्हर लीगमध्ये अव्वल होता आणि स्टॅनले कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत पोचला. ४ जूनला बॉस्टनविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात मल्होत्रा तोंडावर संरक्षक लावून बर्फावर आला. तो फेसऑफसाठी उतरला तेव्हा प्रेक्षागृहात जो आवाज उठला, तो मी टीव्हीवर ऐकला. डोळ्यांना पाणी आलं, आणि ते मी पुसलं नाही. जादा वेळेत अकराव्या सेकंदाला ॲलेक्स बरोजने गोल केला आणि तो सामना व्हँकुव्हरने जिंकला. पुढे सातव्या सामन्यात कप बॉस्टनला गेला.

त्या दुखापतीमुळे माझ्या कार्डांच्या वहीचे दोन भाग झाले. आधीच्या कार्डांवर त्याचा चेहरा उघडा आहे. तेव्हा अनेक खेळाडू चेहऱ्यावर काच लावत नसत. नंतरच्या फोटोंत काच आली. २०१३-१४ पासून लीगने नव्या खेळाडूंना ती सक्तीची केली. खेळ कसा बदलला हे मला वहीची पानं उलटताना दिसतं, कुठलं पुस्तक उघडावं लागत नाही.

डोळ्याची नजर पूर्ववत झाली नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत व्हँकुव्हरच्या व्यवस्थापनाने त्याच्या सुरक्षिततेसाठी म्हणून त्याचा हंगाम थांबवला. तिथे कुणीही निवृत्त झालं असतं. तो मात्र त्याच शरद ऋतूत खालच्या लीगमध्ये, शार्लट चेकर्सकडे चाचणीच्या करारावर खेळायला गेला. काही आठवड्यांत कॅरोलायनाने त्याला वर बोलावलं. मग माँट्रिआल. एकूण ९९१ सामने, ११६ गोल. हजाराला नऊ कमी. कॅरोलायना आणि माँट्रिआलची कार्ड थोडी आहेत, आणि संग्राहक ती शेवटी घेतात. मी ती आधी घेतली. ज्या माणसाला घरी बसायला सांगितलं होतं, त्याची ती कार्ड आहेत.

त्यानंतर तो प्रशिक्षक झाला, व्हँकुव्हरला आणि टोरांटोला साहाय्यक, मग ॲबॉट्सफर्ड कनक्सचा मुख्य. २०२५ मध्ये त्याच्या संघाने त्या खालच्या लीगचा कॅल्डर कप जिंकला. अंतिम फेरीत समोर होता शार्लट चेकर्स, ज्यांनी बारा वर्षांपूर्वी त्याला दार उघडलं होतं. त्या विजेत्या संघात सरीचा अर्शदीप बेन्स होता. आता बेन्सची कार्ड शाळकरी पोरं मागतात.

मल्होत्राची नवी कार्ड आता क्वचितच निघणार, कारण प्रशिक्षकाला सहसा कार्ड नसतं. म्हणून उरलं आहे ते जुनं शोधणं. ज्यांत जर्सीचा तुकडा चिकटवलेला असतो अशा कार्डांत माझं मन रमत नाही. ते कापड कुठल्या सामन्यातलं, हे पुष्कळदा कळायला मार्ग नसतो. सही असली तर ती कार्डावरच केलेली हवी, स्टिकरवर करून चिकटवलेली नको. प्लास्टिकच्या ठोकळ्यात बंद करून गुण दिलेली कार्ड मी घेत नाही. दहापैकी किती गुण, यावरून कोपरा किती टोकदार राहिला एवढंच समजतं. मर्यादित प्रतींच्या कार्डांवर क्रमांक छापलेला असतो. कोलंबस, सॅन होजे आणि व्हँकुव्हरला मल्होत्राची जर्सी २७ क्रमांकाची, त्यामुळे सत्ताविसावी प्रत आम्हा सगळ्यांना हवी असते. ती मिळाली तर मी कॉफीचा हिशेब पाहणार नाही.

एक मागणं आहे. ब्रॅम्प्टन, मिसिसागा, कॅल्गरी, सरी, जिथे जिथे हा लेख वाचला जाईल, तिथल्या मराठी घरांच्या तळघरात मुलांच्या बुटांच्या खोक्यांत कार्ड पडून असणार. मुलं शिकून बाहेर पडली, खोकी तिथेच. घर आवरताना ती थेट टाकू नका. त्यात डॅलस स्टार्सचं खोकं किंवा चळत असेल तर आधी तीच उघडा. तिथे तो थोडाच काळ होता, आणि त्या संघाची माझी पानं अजून अर्धी रिकामी आहेत. कोपरे दुमडलेले असले तरी चालतील. मागे कुणा पोराने पेनने आपलं नाव लिहिलं असेल तर तेही चालेल, वृत्तपत्राच्या पत्त्यावर पाठवा. बदल्यात काय हवं ते कळवा. माझ्याकडे दोनदा आलेली कार्ड पुष्कळ आहेत, त्यांत कोलंबसची जास्त.