दिव्यातलं पाणी

मैत्रिणींनो, पावसाळ्यात आपण काय काय वाळवतो! कपडे, अंथरुणं, चपला, दप्तरं. गेल्या वर्षी मी त्यात आणखी एका वस्तूची भर घातली. मोटारीचा पुढचा दिवा! हसू नका. आधी काय झालं ते ऐका.

आमच्याकडे एक जुनी व्हॅन आहे. लांबच्या प्रवासात मागची सीट आडवी करून गादी टाकायची, बाजूला पाण्याचा कॅन आणि फराळाचे डबे. मुलं तिला ‘फिरतं घर’च म्हणतात. गणपतीला कऱ्हाडहून चिपळूणला सासरी निघालो आणि कुंभार्ली घाटातच अंधार पडला. वर पाऊस, पुढे धुकं. डाव्या दिव्याचा उजेड अगदी मळकट, रस्त्याच्या कडेपर्यंत पोचेचना. एका वळणावर डोक्यावरून प्लॅस्टिक घेतलेला माणूस अगदी जवळ आल्यावर दिसला. ह्यांनी करकचून ब्रेक लावला. तो बिचारा निघून गेला, पण गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

सकाळी पाहिलं, तर काचेच्या आत बोटभर पाणी! गॅरेजवाला म्हणाला, “अख्खा दिवा बदला, नाहीतर खाली भोक पाडून देतो.” हे म्हणाले, “आतून पुसून घेऊ.” सासूबाई ओटीवर वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, “लोणच्याला बुरशी आली की बरणी पुसून काय होतंय? दादरा कुठे सैल राहिला ते बघा आधी.”

मला ते एकदम पटलं. मी पडले बी.ए.वाली, शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी. पण बरणीचं शास्त्र आपल्याला कुणी शिकवायला नको!

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. दिवा बरणीसारखा पुरता बंद नसतो. बल्ब तापला की आतली हवा फुगून बाहेर जाते, निवला की बाहेरची आत येते. त्यासाठी मागच्या बाजूला बारीक नळी किंवा जाळीचं टोपण ठेवलेलं असतं. पावसाळी हवा दमट, काच गार. म्हणून आत थोडी वाफ धरते. दिवा अर्धा तास लावल्यावर ती विरली, तर काळजी नको. पण थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साचलं असेल, तर कुठेतरी फट आहे असं समजा. आणि वाट शोधल्याशिवाय पाणी काढू नका, नाहीतर पुढच्या सरीला पुन्हा तेच.

शोधायचं असं. दिवे बंद करून गार होऊ द्यावेत. मग बल्बमागचं रबर किंवा झाकण पाहावं. बल्ब बदलताना त्याची कड दुमडली, की तिथूनच पाणी शिरतं. त्यानंतर काचेला तडा आहे का, नळीचं टोपण पडलंय का ते बघावं. आमचं हे सगळं ठीक होतं. मग गॅरेजवाल्याकडून दिवा सोडवून घेतला, पाणी ओतून टाकलं आणि काचेच्या कडेच्या सांध्याला साबणाचा फेस लावला. बाकीची भोकं बंद करून नळीतून मुलांच्या फुग्याच्या पंपाने अगदी हळू हवा सोडली. वरच्या कोपऱ्यात बुडबुडे आले! मागे फाटकाला हलकासा धक्का लागला होता, त्याची तेव्हा आठवण झाली.

मग वाळवण. बल्ब आणि झाकणं काढून दिवा दिवसभर पंख्याखाली ठेवला. केस वाळवायचं यंत्र चालेल, पण मंद आणि लांबून. ही काच म्हणजे खरं तर प्लॅस्टिक. फार तापलं तर वाकडं होतं. आत फडकं घालू नका. मागचा आरशासारखा मुलामा चरे पडून खराब होतो. बुटांच्या खोक्यातली ओल शोषणारी पुडी रात्रभर आत ठेवली तरी चालते, मात्र बल्ब बसवण्याआधी आठवणीने काढा.

फट बुजवायला मोटारीच्या दिव्यांसाठीचं सीलंट मागा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन नको. त्याच्या वाफेने मुलामा काळवंडतो. जागा कोरडी ठणठणीत करून सीलंट लावा आणि एक पूर्ण दिवस सुकू द्या. हवेची नळी चुकूनही बुजवू नका, नाहीतर आतली ओल बाहेर पडणार कशी? भोक पाडणंही नकोच. पाणी जाईल, पण धूळ येईल. हॅलोजन बल्ब बसवताना त्याच्या काचेला उघडं बोट लावायचं नाही. बोटाच्या तेलकटपणाने तो लवकर जातो.

दिवा काढण्यापूर्वी गाडी भिंतीसमोर उभी करून उजेड कुठवर पडतो तिथे खडूने खूण करा. परत बसवल्यावर उजेड तिथेच पडला पाहिजे. गाडी वॉरंटीत असेल किंवा एलईडीचे बंद दिवे असतील, तर स्वतः काही उघडू नका. आतला मुलामाच गेला असेल, तर मात्र नवीन दिवा घ्यावा. तिथे काटकसर नको.

हे सगळं ज्येष्ठातच पाहून ठेवावं. छत्र्या काढतो त्याच दिवशी दिव्यांवर दोन तांबे पाणी ओतायचं आणि तासाभराने आत डोकवायचं.

परतताना घाटात पुन्हा पाऊस होताच. डावी बाजू माझी; मी टक लावून कडेला पाहत होते. काठीवर गाठोडं घेऊन चाललेली एक बाई चांगली लांबूनच दिसली. ह्यांनी गाडी सावकाश केली आणि आम्ही तिला वळसा घालून पुढे गेलो.