कैद्यांना शिकविण्यास आपली मुले पाठवा

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे गव्हाण व आसपासच्या गावांत भूसंपादनाच्या नोटिसा येऊ लागल्या. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागले. न वाचलेल्या कागदाची किंमत काय पडते, हे गव्हाणकरांना वकिलाने सांगावयास नको.

याच पनवेल तालुक्यात तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. देशातील तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत; म्हणजे त्यांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नाही. एकूण कैद्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश निरक्षर आहेत. ही माणसे कोणत्या वस्त्यांतून येतात, हे आपणांस ठाऊक आहे.

६ नोव्हेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, अटकेची कारणे अटक झालेल्यास त्याला समजेल अशा भाषेत लेखी दिली पाहिजेत. निर्णय उत्तम आहे. परंतु ज्याला अक्षर येत नाही, त्याच्या हाती तो कागद कोराच! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ चेही तसेच आहे. फाशी वा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यातील कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या निम्मी मुदत आत काढली, तर सामान्यतः त्यास जामिनावर सोडावयाचे असते. ज्यास पूर्वी शिक्षा झालेली नाही त्यास एक तृतीयांश मुदतीनंतर. (अनेक खटले प्रलंबित असल्यास गोष्ट निराळी.) अर्ज करण्याचे कर्तव्य तुरुंग अधीक्षकाचे आहे, हे खरे. तरीही आपल्यावर कोणते कलम लावले आहे, अटक कोणत्या तारखेस झाली आणि त्यास किती दिवस लोटले, एवढे ज्यास वाचता व मोजता येते, तो विचारणा तरी करू शकतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, तुरुंगातील पहिला धडा ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांचा नसावा. तो तारखेचा, कलमाच्या आकड्याचा व स्वतःच्या नावाचा असावा. ‘उल्लास’ या २०२२ पासूनच्या साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील निरक्षरांना शिकविण्याचे काम स्वयंसेवकांवर सोपविले आहे आणि त्यांत विद्यार्थ्यांनाही स्थान आहे. ही योजना चांगली आहे. मात्र छायाचित्रापुरते एक दिवस येणारे विद्यार्थी तेथे नकोत. प्रौढ माणूस एकदा लाजला, की पुन्हा पाटी हाती धरीत नाही. आठवड्यातून एकच तास द्यावा, पण तो वर्षभर चुकू नये.

तुरुंगाची पायरी चढल्यास मुलगा बिघडेल, मुलीचे नाव खराब होईल, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. ही भीती मला समजते. पण ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला गेला, त्यांनीच आता कैद्याचा विटाळ मानावा काय? जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हाही लोक नावे ठेवीतच होते.

शिकविण्याची परवानगी कारागृह अधीक्षकांकडे मागावी लागते. कायद्याचे विद्यार्थी बरोबर असतील तर अलिबाग येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेही जावे; कोठडीतील व्यक्तीस मोफत विधी साहाय्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेलाच आहे. अर्ज साध्या मराठीत लिहावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घेण्यास विसरू नये.