उमरीच्या मातीतला पुरावा कोण जपणार?

दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेड जिल्ह्यातल्या उमरीचं नाव हमखास निघतं. ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी इथल्या बँकेवर धाड टाकून निजामाविरुद्धच्या लढ्यासाठी पैसा उभा केला. ही हकिकत आपल्यापर्यंत आली ती आठवणींमधून. पण संघर्षाची जागासुद्धा पुरावा असते. तो वाचणाऱ्या शास्त्राला रणभूमी पुरातत्त्व म्हणतात.

हे काम कसं चालतं?

गोळ्या, पुंगळ्या, बटणं, घोड्याचे नाल शोधायचे आणि प्रत्येकाची जागा नकाशावर नोंदवायची. पुंगळ्या पडल्या त्याच्या आसपास बंदूकधारी उभा होता. पुंगळीवर उमटलेल्या खुणांवरून एकच बंदूक कुठून कुठे सरकली, हेही कळू शकतं.

अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नची लढाई १८७६ ची. १९८३ च्या वणव्यात तिथलं गवत जळालं आणि पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट, रिचर्ड फॉक्स यांच्या पथकाने मेटल डिटेक्टरने जमीन पिंजून काढली. अनेक मूळनिवासी योद्ध्यांकडे लागोपाठ गोळ्या झाडणाऱ्या रायफली होत्या, तर सैनिकांना दर वेळी एकेक गोळी भरावी लागे, हे तिथल्या पुराव्याने दाखवलं.

मराठवाड्यात अडचण काय?

पहिली अडचण वयाची. १९५८ चा स्मारक कायदा आणि १९७२ चा पुरावस्तू कायदा साधारण १०० वर्षांची अट घालतात. म्हणजे १९४८ मध्ये बांधलेला मोर्चा किंवा तेव्हाचं नवं काडतूस २०४८ पर्यंत त्यात बसत नाही.

दुसरी अडचण जागेची. लातूर जिल्ह्यातली उदगीरची लढाई १७६० ची, म्हणजे वयाची अट कधीच पूर्ण झाली. पण ती उदगीर ते औसा अशा मोठ्या टापूत झाली. राष्ट्रीय स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामबंदी आणि पुढे २०० मीटर नियंत्रण असतं. मोकळं रान स्वतंत्रपणे संरक्षित घोषित झालं नाही, तर तिथे नांगर, मुरूम उपसा आणि प्लॉटिंग सुरूच राहतं.

शेतात काही सापडलं तर?

उकरू नका, विकू नका. जागेसह फोटो काढा आणि तहसील कार्यालयाला कळवा. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीच्या गुप्तधनाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणं बंधनकारक आहे. जिवंत काडतूस किंवा तोफगोळा वाटला, तर हात न लावता पोलिसांना बोलवा.

घरात आणून ठेवलेली गोळी शोभेची वस्तू होते. कोणत्या गटात, कोणत्या बांधाजवळ सापडली याची नोंद असेल, तरच ती इतिहास सांगते. १९४८ पाहिलेली माणसं आता मोजकीच उरली आहेत. त्यांच्यानंतर साक्ष देईल ती ही जमीनच.