घटातले धान्य आणि घरातले मूल

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघरी घट बसतात. पत्रावळीवर काळी माती, मातीत सप्तधान्य, मध्ये पाण्याने भरलेला घट, त्यावर विड्याची पाने व नारळ, आणि शेजारी नऊ दिवस अखंड तेवणारा नंदादीप. रोज एक माळ चढते, कारळ्याच्या पिवळ्या फुलांनी देवघर उजळून निघते. जगदंबेच्या ह्या उपासनेत मातीला आणि बियाण्याला मिळालेले स्थान पाहिले, म्हणजे आमच्या पूर्वजांनी देवघरातच एक लहानसे शेत आखून ठेवले आहे, हे सहज ध्यानात येते. त्या शेताकडे घरातील मुलांचे लक्ष आपण वेधतो काय, एवढाच प्रश्न ह्या नवरात्रात आम्हांस वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

तिसगावच्या परिसरात हा प्रश्न विशेष अर्थाने उभा राहतो. जवळच वृद्धेश्वराचा डोंगर, दुसऱ्या अंगाला कानिफनाथांची मढी, आणि पाथर्डीच्या पलीकडे मोहटादेवीचा गड. देवांचा सहवास उदंड, पाऊस मात्र बेताचा. सह्याद्रीने अडविलेल्या ढगांचे जे उरते, त्यावर हा मुलूख जगतो. म्हणून येथील भरवसा रब्बीच्या जोंधळ्यावर. हस्त नक्षत्राचा पाऊस पडावा, जमिनीत ओल मुरावी, वाफसा यावा आणि पाभरीच्या चाड्यावर मूठ धरावी, हा येथील क्रम. नवरात्र बहुधा ह्याच दिवसांत येते. पेरणीच्या तोंडावर घरातील बियाणे मातीत घालून नऊ दिवस पाहण्याचा विधी आला, ह्याला निव्वळ योगायोग म्हणण्यास आमचे मन घेत नाही. ही आदिशक्तीची पूजा आहेच. शिवाय ती बियाण्याची परीक्षाही आहे. कणगीतले, पेवातले धान्य किडले, कोंदटले असेल, तर ते घटात कळावे आणि शेताचे नुकसान टळावे, असा हा शहाणपणाचा संकेत आहे.

आज मात्र काय घडते? घटाची माती, तिला आपल्याकडे ‘वावरी’ म्हणतात, ती बाजारातून पुडीत येते. ‘वावरी’ म्हणजे वावरातली. पण ती कोणाच्या वावरातली, हे घेणाऱ्यास ठाऊक नसते. सप्तधान्यही मिसळूनच मिळते. मुलाने हात जोडावयाचे, आरतीला टाळ्या वाजवावयाच्या आणि प्रसाद घ्यावयाचा. गहू कोणता, जव कोणता, करडईचा दाणा कसा असतो, हे त्याला कोणी सांगत नाही. शहरातील घरांची गोष्ट सोडा. ज्यांच्या परसदारापासून शेताचा बांध सुरू होतो, अशा घरांतूनही हेच चालले आहे.

आमची विनंती साधी आहे. घटासाठी माती आणावयास मुलांना बरोबर न्यावे. ती मुठीत दाबून पाहू द्यावी. गोळा होऊन हलक्या धक्क्याने फुटली तर वाफसा आला, हा पहिला धडा. नंतर घरातील जोंधळ्याचे शंभर दाणे मुलाकडून मोजून घ्यावेत आणि ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवावेत. त्यांतील किती उगवले, हे त्यानेच पुढे मोजावे. जोंधळ्याच्या प्रमाणित बियाण्यात शंभरात किमान 75 आणि गहू-हरभऱ्याच्या बियाण्यात किमान 85 दाणे उगवावे लागतात, हे त्याला सांगावे. गणित, शेती आणि देवीची सेवा ही तिन्ही एकाच पाटावर बसून होतील.

घटातील अंकुर पिवळे का, असे मूल विचारील. काही घरांत त्या रंगावरून वर्षाचे भाकीत करतात आणि पिवळ्या अंकुराने माऊली चिंतेत पडते. मुलाला खरे कारण सांगावे. देवघरात सूर्याचा प्रकाश पोहोचत नाही, म्हणून अंकुर पिवळट राहून उंच वाढतो. तोच उन्हात ठेवला तर हिरवा होतो. हे कळल्याने देवीवरील श्रद्धा उणी होत नाही. सूर्याला अर्घ्य का द्यावयाचे, हे उलट त्याला अधिक चांगले उमगेल.

विद्या आणि शेती ह्यांत वैर आहे, हा समज आमच्या शास्त्रांना ठाऊक नाही. महाभारताच्या आदिपर्वात धौम्य ऋषींच्या शिष्यांची कथा आहे. गुरूंनी आरुणीला शेताचा फुटलेला बांध अडविण्यास पाठविले. माती ठरेना, तेव्हा तो बालक स्वतःच पाण्याच्या वाटेत आडवा झाला. बांध सोडून उठला म्हणून गुरूंनी त्याला ‘उद्दालक’ हे नाव दिले आणि सर्व वेद तुला स्फुरतील, असा वर दिला. परंपरा मानते, की हाच उद्दालक आरुणी छांदोग्य उपनिषदात आपल्या पुत्राला, श्वेतकेतूला, ब्रह्मविद्या शिकवितो. आणि ती कशी शिकवितो? वडाचे फळ आणावयास लावतो, ते फोडावयास लावतो, आतील बी फोडावयास लावतो. जेथे काहीच दिसत नाही, तेथून एवढा मोठा वड उभा राहिला, हे दाखवितो. त्याआधी पंधरा दिवस पुत्राला अन्नावाचून ठेवतो. पढलेले वेद आठवेनासे होतात. अन्न पोटात जाताच पुन्हा आठवतात. ज्याने लहानपणी बांधावर देह टाकला, त्यालाच बीज आणि अन्न ह्यांतून ब्रह्म दाखविण्याचा अधिकार आला, असे आम्ही कीर्तनात सांगतो.

‘कृषिपराशर’ नावाचा शेतीवरील स्वतंत्र संस्कृत ग्रंथच आहे. बियाणे माघ-फाल्गुनात निवडावे, उन्हात नीट वाळवावे, बैलांना पीडा होईल अशी शेती करू नये, असे व्यवहाराचे नियम त्यात सांगितले आहेत. इकडे आपल्याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवाशास, 1290 साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या तेराव्या अध्यायात माऊलींनी क्षेत्राचा विचार मांडताना प्राणाला कूळ केले, मनाला शेतीची देखरेख सोपविली आणि इंद्रियांना बैल म्हटले. ज्या मुलाने कूळ, बैल आणि पेरणी ही जवळून पाहिली नाहीत, त्याला हा अध्याय शब्दकोशातून समजावून घ्यावा लागेल. अरणचे सावता महाराज मळ्यातच विठ्ठल पाहत राहिले. त्यांच्या अभंगांचा रस भाजीच्या वाफ्याशी परिचय असल्यावाचून कसा कळावा?

विद्येत शेती असावी, हे अलीकडच्या थोरांनीही सांगितले. 1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांत शेतीचे ज्ञान द्यावे आणि ते नमुनेदार शेतावर प्रत्यक्ष शिकवावे, असे मागितले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे ‘कमवा व शिका’ हा मार्ग घातला. आपल्या जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. गावरान बियाणे त्यांनी घरात जपले आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या बियाण्यांच्या घरातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आणि तरीही आमच्या घरांत मुलाला धाक कोणता घातला जातो? ‘शिकला नाहीस तर ढोरे राखशील, शेण काढशील.’ ज्या मातीवर घट बसविला, तिच्याच सेवेला आपण शिक्षा म्हणून मुलापुढे उभे करतो. मग तो मोठा झाल्यावर बापाच्या धोतराची आणि आईच्या चिखलाने भरलेल्या पायांची लाज बाळगू लागला, तर दोष कोणाचा?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नाही तर आमच्या म्हणण्याचा विपर्यास होईल. शेती शिकविणे निराळे आणि मुलाला राबविणे निराळे. आपला पाथर्डी तालुका ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळी झाली, की मुकादमाची उचल फेडावयास टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता; त्यांच्यामागे मुले. उसाच्या फडाशेजारच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी, पहाटेच्या थंडीत वाढे बांधणारा मुलगा, ही मुले रात्रंदिवस शेतातच असतात. पण त्यांना शेतीचे शिक्षण मिळते, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? त्यांच्या वाट्याला केवळ श्रम येतात, आणि शाळा सुटते ती सुटतेच. नवरात्रात आपण कुमारिकांचे पाय धुतो, त्यांना देवी मानून ओटी भरतो. त्याच कुमारिकेला महिन्याभराने कोपीत नेऊन बसविले, तर ते पूजन जगदंबेला पावले असे आम्हांस वाटत नाही.

दोष त्या मायबापांना देणे सोपे आहे. मूल मागे ठेवावे तर कोणाकडे, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. हंगामी वसतिगृहे आहेत. संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना 2021 साली निघाली. भगवानबाबांनी (1896–1965) ह्याच डोंगराळ भागात कीर्तने केली आणि जमिनीचा तुकडा विकावा लागला तरी बेहत्तर, पण मुलांना शिकवा, असा उपदेश केल्याची आठवण लोक सांगतात. एका वारकऱ्याने भूमीपेक्षा विद्येला वरचे स्थान दिले, ते भूमीला तुच्छ मानून नव्हे. शिकलेला मुलगाच ती भूमी सावकाराच्या हातून सोडवून आणील, ही त्यांची दृष्टी होती. म्हणून गावात जो मागे राहतो, त्या आजी-आजोबांना शेजाऱ्यांनी आधार द्यावा. देवळाच्या सप्ताहासाठी आपण पोत्यांनी धान्य देतो. त्यांतील दोन पोती अशा मुलांच्या पंगतीसाठी बाजूस काढली, तर भंडाऱ्यास काही उणे पडणार नाही.

ह्या वर्षी एवढे करू या. घटाची पेरणी मुलाच्या हातून करवावी. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात करू नये. दसऱ्याला अंकुर टोपीत खोवताना त्याने किती दाणे उगवले, ते सर्वांना सांगावे. पुढे शेतात पाभर चालेल, तेव्हा सुट्टीच्या दिवशी एका तासापुरती मूठ त्याला चाड्यावर धरू द्यावी आणि ती ओळ त्याच्या नावाची ठेवावी. शहरवासीयांनी गावाकडच्या आप्तांच्या शेतात एक दिवस मुले न्यावीत. शाळेचा दिवस मात्र शाळेलाच द्यावा.

नऊ माळांनी जगदंबा प्रसन्न होवो, हस्ताचा पाऊस वेळेवर पडो, जोंधळ्याची कणसे भरोत आणि प्रत्येक घरातील मुलाच्या एका हाती पाटी व दुसऱ्या हाती बियाण्याची मूठ असो, हीच आईच्या चरणी आमची प्रार्थना.