आधी शोधा, मग बदला!

परवा सिद्धिविनायकाच्या सिग्नलला थांबलो आणि गाडी थडथडायला लागली. स्टिअरिंग, सीट, आरसा, सगळंच! धावताना ठीक, उभी राहिली की थरथर. प्रभादेवीतल्या गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता सांगितलं, "इंजिन माउंटिंग गेलंय साहेब. चारही प्लग, कॉइल पण बदलून टाकू."

मंडळी, हे निदान नव्हे, मटका आहे. बग आला म्हणून कोणी अख्खा सर्व्हर बदलला तर आपण हसू की नाही? मग गॅरेजात मुकाट मान का डोलावतो?

आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं आहे. इंजिन आपली दुखणी स्वतःच नोंदवून ठेवतं. मित्राचा छोटा स्कॅनर लावला. कोड आला पी०३०२, म्हणजे दुसरा सिलिंडर मिसफायर होतोय. चारातला एक असा रुसला की आयडलला हादरे बसणारच.

पण कारण प्लग, कॉइल की इंजेक्टर? इंजिन गार झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केली. आता कोड पी०३०३! दोष कॉइलबरोबर सरकला, चोर सापडला. एक कॉइल बदलली, थरथर गायब. माउंटिंग बिचारं निर्दोष!

प्रश्न फक्त पैशांचा नाही. चुकीचा पार्ट बदलून तशीच फिरवली असती, तर न जळलेल्या पेट्रोलने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लागली असती. तो खर्च वेगळाच.

गॅरेजवाल्याला शिव्या घालणं सोपंय. पण आपण इंजिनीयर म्हणवणारे तरी कुठे विचारतो? पुढच्या वेळी "बदलून टाका" ऐकलंत की एवढंच म्हणा, "कशावरून?"