तटबंदीतील मेंढपाळ

पश्चिम वेल्समधील लाव्हेडन या गावी एका किल्ल्याचे भग्नावशेष उभे आहेत. हा किल्ला कोणा राजाचा नव्हे, तर सेंट डेव्हिड्स धर्मप्रांताच्या महागुरूंचा. बाराव्या शतकात महागुरू बर्नार्ड यांनी येथे मातीचा कोट रचून खंदक खणला. 1192 साली वेल्श अधिपती रीस याने तो जिंकला. पुढे महागुरू थॉमस बेक आणि डेव्हिड मार्टिन यांच्या काळात तो दगडात पुन्हा उभा राहिला. प्रशस्त दालने, प्रार्थनामंदिर, शिबंदीच्या खोल्या आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस दोन बुरुजांचा दिमाखदार दरवाजा! मेंढपाळ तटाच्या आत आणि मेंढरे बाहेर.

‘काळच तसा होता, महागुरू जहागिरीचे धनीही होते,’ असे समर्थन काही विद्वान करतात. आम्हांला ते मान्य नाही. कृत्य का घडले हे काळ सांगेल. ते सुवार्तेला धरून होते की नाही, हे काळाने ठरवायचे नसते. शिवाय त्याच काळात, त्याच गावी, 1287 साली याच बेक यांनी यात्रेकरू, वृद्ध व दुर्बळांसाठी इस्पितळ स्थापन केले. महागुरूचे खरे कार्य कोणते, हे त्यांना ठाऊक होते, याला आणखी पुरावा कशाला?

आणि तटबंदीने राखले तरी काय? सोळाव्या शतकात रोमशी नाते तुटल्यावर त्याच आसनावरील विल्यम बार्लो यांनी किल्ल्याच्या छपरावरील शिसे उतरवले, असे सांगितले जाते. शत्रू बाहेरून यावाच लागला नाही! त्या वेल्समध्ये कॅथलिक श्रद्धा राखली ती सामान्य माणसांनी. रिचर्ड ग्विन हे साधे शाळामास्तर, मुलाबाळांचे धनी. 1584 साली रेक्सहॅम येथे त्यांनी श्रद्धेसाठी देहदंड स्वीकारला. 1970 साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. त्यांच्यापाशी ना बुरूज होता, ना खंदक.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या अखेरीस, 1965 साली, सुमारे चाळीस महागुरूंनी रोमच्या भुयारी दफनभूमीत एकत्र येऊन सामान्य जनांसारखे साधे राहण्याची प्रतिज्ञा केली. लाव्हेडनच्या भिंतींना याहून चोख उत्तर आम्हांला माहीत नाही.

म्हणून वाचकहो, आपल्या धर्मग्रामात नव्या वास्तूसाठी वर्गणीची वही फिरू लागली, की देण्याआधी एक प्रश्न अवश्य विचारावा: हिच्या दारातून गरीब आत येणार आहे, की दारावरूनच परतणार आहे? हा प्रश्न विचारणे म्हणजे धर्मद्रोह नव्हे; तो न विचारणे हाच खरा अपराध होय.